खालून पहिले दोघे

जिंकणाऱ्या टीमकडे कप जमतात आणि हरणाऱ्या टीमकडे किस्से. आमच्या क्लबाच्या कपाटातल्या कपांवर आता इतकी धूळ आहे की वर्ष वाचायचं तर आधी फडकं शोधावं लागतं. किस्से मात्र रोज ताजे! चहाला चार जण जमले की कोणीतरी सुरू करतो, "अबे, ती पुरणपोळीवाली मॅच आठवते का?" आणि मग चहा थंड होईपर्यंत कोणी उठत नाही.

मी रायपूरच्या तात्यापारा फुटबॉल क्लबाचा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे लिंबं कापायची, जर्सी धुऊन आणायच्या आणि रेफरीला पाणी देताना गोड बोलायचं. नोकरी नवा रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात, पण ती आपली पोटापुरती. आमचे कोच दिलीपभाऊ. तात्यापाऱ्यात त्यांचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. बल्ब घ्यायला गेलेल्या माणसाला ते ऑफसाइड समजावून परत पाठवतात.

आणि समोर कोण? गुढियारी! रेल्वेच्या पलीकडचे. त्यांचे कोच मेश्रामभाऊ, स्वतः रेल्वेतले. तसं पाहिलं तर दोन्हीकडे माणसं एकाच मातीची. कोणाचे आजोबा वर्ध्याहून आले, कोणाचे भंडाऱ्याहून. कोणी कचेरीत चिकटले, कोणी रेल्वेत. पण फुटबॉलच्या मैदानावर सगळं नातं विसरायचं, हे ठरलेलं. एके काळी लीगची फायनल म्हणजे हे दोघेच. लोक झाडांवर चढून मॅच पाहायचे.

आता लीग तीच आणि मैदानही तेच. फक्त आम्ही दोघं तक्त्याच्या दुसऱ्या टोकाला! गेल्या सीझनची शेवटची मॅच आमची आपसात होती, आणि एक जण खाली, बी डिव्हिजनला जाणार होता. आम्ही जिंकलो तर गुढियारी खाली. हरलो तर आम्ही खाली, आणि बरोबरी झाली तरी आम्हीच. दोन्ही क्लबांनी जन्मापासून ए डिव्हिजन सोडली नव्हती. आणि कोणीही खाली गेलं तरी दर वर्षीची तात्यापारा-गुढियारी मॅच संपली. तिथवर कसे पोचलो, ते ऐकाच.

* * *

सीझन अर्ध्यावर आला तेव्हा आमच्या एका खेळाडूने तक्त्याचा फोटो काढून क्लबाच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. आता पूर्ण तक्ता टाकायची हिंमत कोणाची! त्याने वरचा भाग कापला आणि फक्त शेवटच्या दोन ओळी ठेवल्या. वर तात्यापारा, खाली गुढियारी. तेव्हा आम्ही त्यांच्या एक पायरी वर होतो.

नागपूरहून, अमरावतीहून अभिनंदनाचा पाऊस! कोणी फुलं पाठवली, कोणी नाचणारी बाहुली. दिलीपभाऊंच्या थोरल्या काकांनी तर फोनच केला. काका स्वतः याच क्लबाकडून हाफबॅक खेळलेले. आता मुलाकडे नागपुरात असतात.

दिलीपभाऊंना खोटं बोलवेना. ते म्हणाले, "काका, तसं नाई. वरून नाई, आपण खालून आहो."

मग काकांनी विचारलं, "आपल्या खाली गुढियारीच आहे ना?"

"हव."

"मंग कायचं टेन्शन घेऊन राहिला बे?"

* * *

ही पुरणपोळीची मॅच त्याच्याही आधीची, पण ती सांगितल्याशिवाय माझी बाजू कळायची नाही. माझी बायको सुनंदा माहेरची गुढियारीची. तिचे वडील त्यांच्या क्लबाचे जुने सेंटर फॉरवर्ड. आमच्या लग्नात त्यांनी मला मिठी मारली आणि कानात म्हणाले, "पोट्टी देऊन राहिलो, मॅच नाई देणार!"

तर एका वर्षी गुढियारीशी मॅच होती आणि सुनंदाने अख्ख्या टीमला जेवायला बोलावलं. मी भारावलो. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी ही आपल्याकडची झाली. पुरणपोळ्या, वर तुपाची धार, कटाची आमटी, भजी. आग्रह असा की नाही म्हणणाऱ्याच्या ताटात दोन जास्त पडायच्या. "अजून एक घ्या ना भाऊजी, धावायचं आहे तुमाले!" आमचा बचावातला स्टॉपर तर तिच्या डोळ्यांदेखत सात खाऊन उठला. उठला म्हणजे, उठवला!

फर्स्ट हाफ कसाबसा निघाला. सेकंड हाफमध्ये आमची पोरं मैदानात उभी राहून बॉलकडे प्रेमाने बघत होती. बॉल जवळून गेला तर मान वळवायची, एवढीच हालचाल. गुढियारीने तीन घातले. चौथा घालायचा त्यांनाच कंटाळा आला असावा.

घरी आल्यावर मी चिडून विचारलं, "मुद्दाम केलंस ना?"

सुनंदा पदराला हात पुसत म्हणाली, "वा रे वा! माहेरच्या लोकाईले मी साधा चहा नाई विचारला. सारं तुमाले खाऊ घातलं. अन् मीच वाईट?"

मी मळलेल्या जर्सी धुवायला घेतल्या.

* * *

गुढियारीवाल्यांची एक खोड सांगतो. आमची मॅच दुसऱ्या कोणाशीही असो, ते बघायला येतात. आमच्या विरुद्ध ओरडायला! शनिवारी दुपारी काम सोडून येतात, सावलीतली जागा धरतात आणि पहिल्या शिट्टीपासून सुरू. आमच्या गोलकीपरचं घरचं नाव, त्याला शाळेत मिळालेले मार्क, सगळं त्यांना पाठ. आम्हीही त्यांच्या मॅचला जातो. नाही म्हणायचं कारण नाही, तेवढी माणुसकी आमच्यातही आहे.

आता खरं सांगायचं तर आमच्या मॅचला दुसरं प्रेक्षक कोणी उरलेलंच नाही. खेळाडूंच्या बायकासुद्धा येत नाहीत.

एकदा गुढियारीत कोणाच्या तरी घरचं लग्न होतं, त्यामुळे त्यांचं एकही माणूस आलं नाही. मैदानात नुसती शांतता. समोर एका अकॅडमीची टीम, सगळे एकसारखे केस कापलेले. आमची पोरं वॉर्मअपलाच बावरली. सारखी सावलीच्या जागेकडे बघायची. हाफटाइमला आम्ही चार गोलांनी मागे! इतका मार आम्ही पुरणपोळीच्या दिवशीही खाल्ला नव्हता.

दिलीपभाऊ तापले. "अबे, काय झालं काय तुमाले? पायात शिसं भरलं का?"

कॅप्टन विकी लिंबाची फोड चोखत म्हणाला, "दिलीपभैया, खेलने का मन ही नहीं हो रहा. आज तो कोई गाली देनेवाला भी नहीं है!"

दिलीपभाऊ रागावतील असं मला वाटलं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि थेट मेश्रामभाऊंना लावला. "काहो, लग्न आटपलं का? नाई, म्हणलं, जेवण झालं असन तर दहा-बारा पोट्टे इकडे पाठवता का?"

* * *

दिलीपभाऊंच्या भाचीला स्थळ आलं ते गुढियारीच्या गोलकीपरचं. मुलगा चांगला, रेल्वेत, उंच, शांत. भाची आधीच राजी. घरच्यांनीही होकार दिलेला. राहिले फक्त मामा!

बघण्याच्या कार्यक्रमात सगळ्यांनी शिक्षण विचारलं, नोकरी विचारली. दिलीपभाऊ कोपऱ्यात पोह्यांची बशी घेऊन गप्प बसलेले. शेवटी मुलीच्या आईने म्हटलं, "दादा, तुले काई विचारायचं असन तर विचार."

दिलीपभाऊंनी बशी खाली ठेवली. "जावईबापू, पेनल्टीच्या टायमाले उडी कोणीकडे घेता?"

मुलगा जरा दचकला. मग खाली मान घालून म्हणाला, "जी, हमेशा बाएँ."

"पक्कं?"

"जी, मामाजी."

"पसंत आहे!" दिलीपभाऊ म्हणाले. साखर वाटली. लग्न धडाक्यात झालं. मंगलाष्टकांच्या वेळी दिलीपभाऊंच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की बघणाऱ्याला वाटावं, सख्ख्या मुलीचंच लग्न आहे.

पुढे सीझनची पहिली मॅच गुढियारीशी आली आणि आम्हाला खरंच पेनल्टी मिळाली! दिलीपभाऊंनी विकीला बाजूला घेतलं आणि खुणेने दाखवलं. तो डावीकडे उडतो, तू त्याच्या उजवीकडे मार. विकीने मारला. जावईबापूंनी उजवीकडे अलगद उडी घेतली आणि बॉल छातीशी धरला, तान्हं बाळ घेतात तसा. मॅच आम्ही एका गोलने हरलो.

दिलीपभाऊ रागाने लाल होऊन गोलपोस्टकडे निघाले. जावयाने आधी बॉल खाली ठेवला आणि वाकून नमस्कार केला. "मामाजी, मैं तो बाएँ ही जाता हूँ. आज आपकी भांजी ने मना किया था."

बाउंड्रीवर भाची उभी होती, गुढियारीच्या बायकांमध्ये. तिथूनच ओरडली, "मामा, तुमी काहून विचारून राहिले ते मले तवाच समजलं होतं!"

* * *

तक्त्यात उतारावर लागलो आणि गुढियारीही आमच्या वर गेली, तेव्हा दिलीपभाऊंनी ठरवलं, प्रॅक्टिस बदलायची. "आपले पोट्टे गल्लीतले. मोठ्या मैदानाची सवय नाई." मी म्हटलं, माझ्या ऑफिसच्या पलीकडे हवी तेवढी मोकळी जागा आहे. झालं! रविवारी सकाळी टेम्पोत अख्खी टीम भरली, मागे माझी स्कूटर, आणि नवा रायपूर गाठलं.

तिथले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. एका रस्त्यात आमचा अख्खा तात्यापारा मावेल. माणूस नाही, दुकान नाही, चहाची टपरी नाही. आमची पोरं जन्मभर दोन घरांच्या मध्ये खेळलेली. भिंतीला बॉल मारायचा, भिंत तो परत देते. आमच्या खेळात भिंत हा बारावा खेळाडू! इथे भिंतच नाही. विकीने सवयीने बाजूला बॉल मारला आणि वाट बघत उभा राहिला. बॉल गेला तो गेलाच. उतार होता. शेवटी मी स्कूटरवर त्याच्या मागे निघालो.

तात्यापाऱ्यात बॉल बाहेर गेला तर कोणाच्या तरी अंगणात पडतो आणि शिव्यांसकट लगेच परत येतो. इथे मला तो पुढच्या चौकात, सिग्नलपाशी सापडला. लाल दिवा होता. मीही थांबलो!

परत आलो तर सगळी टीम एकमेकांना चिकटून एका कोपऱ्यात उभी. दिलीपभाऊ ओरडत होते, "पसरा ना बे! इतकी जागा आहे!"

विकी म्हणाला, "इसी का तो डर लग रहा है, भैया!"

* * *

शेवटच्या मॅचच्या आधी दिलीपभाऊंनी चहा सोडला. "तात्यापारा वर राहिला तरच चहा घेईन." ज्या माणसाच्या रक्तात चहा वाहतो त्याने चहा सोडला की काय होतं, ते त्या आठवड्यात साऱ्या मोहल्ल्याने पाहिलं. एक गिऱ्हाईक ट्यूबलाइट मागायला आलं आणि चुकून म्हणालं, "दिलीपभाऊ, बी डिव्हिजनमध्येबी खेळतातच की लोक." दिलीपभाऊंनी काढलेली ट्यूबलाइट परत फळीवर ठेवली. "जा, अंधारात बस!"

मला मात्र ते एकदा हळूच म्हणाले, "आपल्या बापजाद्याईनं इतकी वर्षं वर ठेवलं. माह्या हातून खाली जाईन तर मी या दुकानात बसू कसा?" त्यांचा आवाज इतका वेगळा होता की मी थट्टा केली नाही. मलाही तेच वाटत होतं.

* * *

आणि मग ती मॅच. त्या दिवशी जुने लोक आले! काठ्या टेकत, नातवंडांना धरून, नागपूरहून गाडीने काकासुद्धा. तळाच्या दोन टीमसाठी मैदान भरलं. अकॅडमीवाले चकित होऊन बघत होते. मेश्रामभाऊंनी येऊन "जय भीम" म्हटलं, दिलीपभाऊंनी "जय भीम" म्हणून हात मिळवला, आणि दोघंही एकमेकांकडे न बघता आपापल्या बाकावर जाऊन बसले. सुनंदा पलीकडच्या बाजूला, माहेरच्यांबरोबर. घरून निघताना तिने मला चहासुद्धा विचारला नव्हता. म्हणजे या वेळी तिच्या मनात काही वाईट नव्हतं!

खेळ कसा झाला म्हणाल तर वाईट झाला. दोन्हीकडच्यांना बॉलची भीती वाटत होती. पण धावले! पडले, उठले, परत धावले. शेवटी एक कॉर्नर मिळाला, गर्दीत कोणाचा तरी पाय लागला, आमच्या स्टॉपरच्या पाठीवर बॉल आदळला आणि जावईबापूंच्या हाताखालून आत. स्टॉपरला कळलंच नाही, तो बॉल शोधत होता! गोल तो गोल. आम्ही वाचलो. गुढियारी खाली.

पोरांनी दिलीपभाऊंना खांद्यावर घेतलं. गुलाल उडाला. काका रडले. मी स्वतः टपरीवरून चहा आणला आणि दिलीपभाऊंच्या हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला. समोर गुढियारीचे लोक आपले झेंडे काठीवरून सोडवून घड्या घालत होते. मेश्रामभाऊ जाताना म्हणाले, "चांगलं खेळले तुमचे पोट्टे, दिलीप." दिलीपभाऊ म्हणाले, "हव." उरलेला चहा त्यांनी तसाच ठेवला.

मग पावसाळा गेला आणि लीगच्या ऑफिसात नव्या सीझनची मीटिंग लागली. दोन्ही डिव्हिजनचे क्लब एकाच हॉलमध्ये. पुढे ए, मागे बी. मी आणि दिलीपभाऊ पुढच्या रांगेत, मेश्रामभाऊ शेवटच्या खुर्चीवर. सेक्रेटरी दुबेजी एकेका क्लबाचं नाव घेऊन "हाजिर" म्हणवत होते. आमचं नाव आलं तसे दिलीपभाऊ उभे राहिले. मला त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

"साहेब, आमाले बी डिव्हिजनमंधी टाका."

हॉलमध्ये कोणाला काही कळेना. दुबेजींनी चष्मा वर केला. "अरे दिलीपभाई, आप तो जीते हो!"

"म्हणून तर विनंती करून राहिलो. हारलो असतो तर मागायची गरजच नव्हती."

"पर वजह क्या है?"

दिलीपभाऊंनी दुकानातल्या काउंटरवर ठेवतात तसे दोन्ही हात समोरच्या टेबलावर ठेवले. मी बाही ओढली तरी बसेनात.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मेश्रामभाऊ उठले होते.

"साहेब, याईचं काई ऐकू नका. याईले वरच ठेवा," ते म्हणाले. "आमी एका सालात येतो."

दिलीपभाऊ वळले. पहिल्यांदाच दोघांनी एकमेकांकडे सरळ पाहिलं.

"एका सालात?"

"हव. जागा धरून ठेव."

दिलीपभाऊ पुढे वळून दुबेजींना म्हणाले, "तात्यापारा. ए डिव्हिजन. हाजिर!"